खिडकीखालची गाडी

१

वैजनाथराव सेलूकर रोज सकाळी देवपूजा आटोपली की पोर्चमध्ये जात, गाडी सुरू करत आणि तिच्यात नुसते बसून राहत. जायचं कुठंच नसे. बॅटरी उतरू नये, ऐन वेळी गाडीनं दगा देऊ नये, एवढंच. ऐन वेळ म्हणजे कुठली, हे त्या घरात कुणी बोलून दाखवत नसे. पोर्चला लागूनच झोपायची खोली होती. तिची खिडकी गाडीच्या बॉनेटवर उघडायची, आणि त्या खिडकीशी भानुमती बसलेल्या असत. नाकात नळी, पायाशी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन, मांडीवर काहीतरी निवडणं-टिपणं.

भानुमतींची फुप्फुसं घट्ट होत चालली होती. "स्पंजाचं लाकूड होतंय, सर," डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आपण फक्त त्याला उशीर लावू शकतो." श्रावणात एकदा त्यांना मोठा दम लागला. वैजनाथरावांनी त्यांना गाडीत घातलं, आणि क्रांती चौकाच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी अशी काही रेंगाळली की शेजारच्या रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "चचा, धक्का मारूं क्या?" त्या दिवशी वेळेवर पोचले. पण तो चढ तेव्हापासून वैजनाथरावांच्या छातीवरच येऊन बसला होता.

उभी हयात त्यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयात फ्लुइड मेकॅनिक्स शिकवलं. हवा कुठून निघते, कुठं जाते आणि का, यावर डॉक्टरेट मिळवली. स्वतःच्या गाडीचं बॉनेट मात्र पाणी ओतण्यापलीकडं त्यांनी कधी उघडलं नव्हतं. आपल्या हातून काही बिघडेल, ही भीती. शेवटी पुण्याहून मुलगी आली गणपतीत. मनस्विनी चाकणला गाड्यांच्या कारखान्यात होती. बापानं चढाची गोष्ट फोनवर इतक्यांदा सांगितली होती, की ती येतानाच एक खोकं घेऊन आली: चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा वाकडा पाइप आणि त्याच्या टोकाला बसणारा लाल, शंकूसारखा फिल्टर.

"जुन्या डब्यात हवा कोंडते, बाबा. हा उघडा फिल्टर. गाडी मोकळा श्वास घेईल, चढावर रडणार नाही. द्या दहाचा पाना."

"हा?"

"हा बाराचा."

"लिहिलंय बारा, पण नक्की…"

"पान्यावर खोटं कोण लिहील हो बाबा!"

"अगं, त्यांना पडताळा लागतो," खिडकीतून भानुमती म्हणाल्या. वाक्य तोडत, मधे दम घेत. "सप्तपदी झाल्यावर… भटजींना म्हणाले, एक पाऊल जास्त पडलंसं वाटतं… परत मोजू या का."

मनस्विनी खो खो हसली. वैजनाथरावही हसले, पण पाना उन्हाकडं धरून त्यांनी आकडा पुन्हा वाचलाच.

जुना काळा डबा निघाला. आतला फिल्टर धुळीनं मातट झाला होता, घड्यांमध्ये कडुलिंबाची वाळकी पानं अडकली होती. डबा मनस्विनीनं तिथंच भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. नवा पाइप बसवणार, तोच भानुमतींनी गजांतून हात बाहेर काढला.

"आण इकडं. घरात नवी वस्तू आली, कुंकू नको लावायला?"

मनस्विनीनं पाइप गजांतून आत दिला. भानुमतींनी तो पदरानं पुसला, कुंकवाचं बोट टेकवलं, आणि हातात फिरवून बघत राहिल्या. "शंखासारखाच आहे की," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षं संध्याकाळच्या आरतीला त्यांनी शंख फुंकला होता. पलीकडच्या गल्लीतल्या बायका त्याच्या आवाजावर दिवा लावत. गेल्या वर्षापासून तो देवघरात पालथा पडून होता. त्यांनी नाकातली नळी काढली.

"भानू, नको," वैजनाथराव म्हणाले.

पण त्यांनी पाइप ओठांना लावलाच.

आवाज आला. खोल, भरीव, आणि लांब. इतका लांब की वैजनाथरावांचं हसू अर्ध्यात विरलं. एवढी हवा त्या छातीत नव्हतीच. किती आहे ते त्यांना पाठ होतं, दर तपासणीचा कागद ते तीनदा वाचत. स्वयंपाकघरातून पोळ्यांना येणाऱ्या मालनबाई कणकेच्या हातांनी धावत आल्या. "काकू, शंख वाजवायलात का काय तुम्ही!"

भानुमती खोकल्या नाहीत. दम लागला नाही. त्यांनी पाइप परत दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "घ्या. बसवा आता."

पाइपच्या आत वाफ धरली होती. मनस्विनीनं फडक्यानं टोकाकडून पुसली तेवढी पुसली गेली. सांध्यावरची क्लॅम्पची पट्टी स्क्रूनं आवळली तेव्हा आतला भाग अजून धुरकटच होता.

२

मनस्विनी पुण्याला परतली. गाडीचा आवाज बदलला होता. सुरू केली की बॉनेटखालून हुस्स करून ओढ ऐकू येई, पूर्वी कधी न ऐकलेली. "तो आवाज यायलाच हवा," मनस्विनीनं जाण्याआधी सांगून ठेवलं होतं, म्हणून वैजनाथरावांनी त्याची काळजी केली नाही. त्यांना काळजी वाटू लागली ती भानुमती बऱ्या होऊ लागल्या याची.

आधी बोटाला लावायच्या यंत्रावरचे आकडे चढले. मग त्या नळी काढून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि मालनबाईंची फोडणी जळाली म्हणून त्यांना बोलल्या. मग वाक्य न तोडता बोलू लागल्या. एका सकाळी त्यांनी मशीनच बंद केलं. "डोकं उठतं त्याच्या घरघरीनं," म्हणाल्या.

लोकांनी अशा वेळी पेढे वाटले असते. वैजनाथरावांनी यंत्राची बॅटरी बदलली, स्वतःच्या बोटाला लावून बघितलं, मालनबाईंच्या बोटाला लावून बघितलं. यंत्र बरोबर होतं.

डॉक्टरांकडं नेलं तेव्हा तोच पुलाचा चढ आला. गाडी आता खरंच हलकी चढत होती. त्यांनी हौसेनं अ‍ॅक्सिलरेटर जरा जास्त दाबला, बॉनेटखालची ओढ मोठी झाली, तशा शेजारी बसलेल्या भानुमती ताठ झाल्या. गालांवर लाली चढली.

"हळू हो," त्या हसून म्हणाल्या, "मला दम लागतोय."

डॉक्टरांनी त्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला. "मोठा श्वास घ्या, आजी. अजून एकदा. अजून." मग त्यांनी स्टेथोस्कोपवर टिचकी मारली, सिस्टरकडून दुसरा मागून घेतला, तोही लावला. शेवटी बोटावरच्या यंत्राकडं बघून म्हणाले, "आकडे तर तरुण माणसाचे आहेत, सर. मशीन बंद ठेवा हवं तर. पण महिन्यानं या."

दुसऱ्या स्टेथोस्कोपमधून काय ऐकू आलं, हे विचारायचं वैजनाथरावांच्या ओठांवर आलं होतं. पण बाहेर रांग होती, भानुमती चपला घालत होत्या, आणि चांगल्या बातमीत खोट काढणारा म्हातारा म्हणून आधीच त्यांची ख्याती होती.

मशीन बंद झाल्यामुळं घर एकदम शांत झालं. त्या घरघरीखाली काय काय दबलेलं होतं ते वर आलं. फ्रिज, घड्याळ, गच्चीवरच्या टाकीत पडणारी धार. आणि एक मंद, नियमित ओढ. भानुमती झोपलेल्या असल्या म्हणजे ती स्पष्ट येई. त्यांचा श्वास, म्हणून वैजनाथरावांना तिचा आधार वाटे. वर्तमानपत्र वाचताना ते तिच्याकडं कान ठेवून वाचत.

एकदा दिवेलागणीला त्यांनी देवापुढं उदबत्ती लावली आणि हात जोडून डोळे उघडले. धूर वर जात नव्हता.

तो उदबत्तीच्या टोकाशीच आडवा झाला होता. दोरीसारखा ताणून, गुडघ्याच्या उंचीनं दिवाणखाना ओलांडून झोपायच्या खोलीत शिरत होता. वैजनाथराव त्याच्यामागून चालत गेले. अशी धुराची रेघ त्यांनी प्रयोगशाळेत हजारदा विद्यार्थ्यांना दाखवली होती; धूर खोटं बोलत नाही, असं ते सांगत. रेघ भानुमतींच्या खुर्चीजवळ वर चढली, खिडकीचे गज ओलांडून खाली उतरली, आणि बॉनेटच्या फटीत दिसेनाशी झाली.

गरम इंजिन हवा वर फेकतं, त्यांनी मनात मांडलं. त्यामुळं खालून ओढ निर्माण होऊ शकते.

मग आठवलं, सकाळनंतर गाडी सुरूच केलेली नव्हती. त्यांनी बाहेर जाऊन बॉनेटवर तळवा ठेवला. गार होतं.

आणि धूर सलग जात नव्हता. जाई, थांबे. जाई, थांबे.

"दार लावून घ्या हो," आतून भानुमती म्हणाल्या. "डास येतील."

३

खंडेनवमीच्या सकाळी नळाला पाणी आलं. गल्लीभर पाणी ओढायच्या मोटारी सुरू झाल्या. पाण्याचा वार आणि सण एकाच दिवशी आला की गाड्या धुवायची झुंबड उडते. वैजनाथरावांनीही नळाला पाइप जोडला. गाडीची पूजा करायची तर बॉनेटखालची धूळही काढावी. पण उघड्या फिल्टरवर पाणी पडता कामा नये, मनस्विनीनं बजावलं होतं. धुताना त्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधा, बाबा.

साडीच्या दुकानातली एक जाड पिशवी त्यांना सापडली. ती लाल शंकूवर चढवून त्यांनी सुतळीनं बांधली. गाठ सैल वाटली म्हणून दुसरी मारली. मग तिसरी.

पिशवी फिल्टरला चिकटली. फुगली नाही, फडफडली नाही. ओल्या कापडासारखी आत ओढली गेली आणि तशीच बसून राहिली. शंकूची एकेक घडी तिच्यातून दिसू लागली. वाऱ्यानं, असं ते स्वतःशी म्हणाले. झाडाचं पानही हलत नव्हतं.

घरात पेला पडल्याचा आवाज झाला.

ते धावले तेव्हा भानुमती खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून उभ्या होत्या. तोंड उघडं, डोळे विस्फारलेले, आणि आवाज नाही. खोकला नाही, घरघर नाही, काही नाही. वैजनाथरावांनी त्यांना खुर्चीत बसवलं, मशीन लावलं, नळी नाकात घातली, मशीन पूर्ण मोठं केलं. बोटावरचा आकडा उतरत होता. ओठ जांभळे पडले. वैजनाथराव "भानू, घे, श्वास घे, घे ना ग," एवढंच म्हणत राहिले. फोन कुठं ठेवला ते आठवेना. किल्ली कुठं ते आठवेना. त्यांच्या हातात भानुमतींचा हात गार पडत चालला होता.

मग एकाएकी त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला. विहिरीत बुडी मारलेलं पोर वर येतं तसा. बाहेर, खिडकीखाली, काहीतरी लांबलचक हुंदक्यासारखं वाजलं.

"काका!" गजांपलीकडं मालनबाई उभ्या होत्या. हातात ती पिशवी. "ही थैली कामून बांधली व्हती हो त्या लाल डब्याला? एवढी चांगली थैली, भिजली असती ना! कचऱ्याला व्हईल म्हनून काढली. गाठी तरी किती मारल्या, दातानं सोडाव्या लागल्या. अन् बसली व्हती बी अशी, जशी आतून कुनी धरून ठेवली… अगं माय! काकूंना काय झालं?"

"काही नाही," भानुमती म्हणाल्या. आवाज स्वच्छ होता. "पेला निसटला हातातून."

४

एक निरीक्षण म्हणजे निरीक्षण नव्हे, असं वैजनाथरावांनी कित्येक पिढ्यांना शिकवलं होतं. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली, असं गाढवही म्हणेल. पुन्हा करून बघा. पुन्हा तेच झालं, तर बोलू.

पुन्हा करून बघणं म्हणजे ती पिशवी पुन्हा बांधणं.

हा विचार मनात आला तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. पण तो गेला नाही. वर्तमानपत्र वाचताना आला, जेवताना आला. एका सकाळी ते भानावर आले तेव्हा बॉनेट उघडं होतं आणि त्यांचा तळवा लाल शंकूपासून चार बोटांवर होता. तळव्याला ओढ जाणवत होती. दमदार, शांत, झोपलेल्या माणसाची. त्यांनी हात असा झटकन मागं घेतला की कोपर बॉनेटच्या दांडीवर आपटलं.

त्या दिवसापासून त्यांनी गाडी चालवणं बंद केलं. सकाळी सुरू करून ठेवणंही बंद केलं. गल्लीतली पोरं पोर्चजवळ खेळू लागली की ते दाराशी येऊन उभे राहत. मालनबाई म्हणाल्या, "काका, गाडीला राखन बसवायलात का आता?"

तळव्याऐवजी त्यांनी कापसाचा एक तंतू घेतला. भानुमती दुपारी झोपल्या तेव्हा तो फिल्टरसमोर धरला आणि गजांतून आत बघत राहिले. तंतू आत ओढला जाई, सुटे. ओढला जाई, सुटे. झोपेत भानुमतींनी कूस बदलली, तंतू क्षणभर थांबला. त्या झोपेत खोकल्या, आणि तंतू बोटांतून उडून बाहेर पडला.

संध्याकाळी ते त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"भानू, तुला बरं वाटतंय ना?"

"वाटतंय की."

"म्हणजे कसं?"

भानुमतींनी जरा विचार केला. "हलकं वाटतं. छातीत काही नाहीच, असं." मग त्यांच्याकडं बघून म्हणाल्या, "तुमचंच तोंड उतरलंय. बायको बरी झाली तर इतकं वाईट वाटून घेऊ नये माणसानं."

वैजनाथरावांना हसता आलं नाही. त्यांचे थोरले भाऊ शेवटच्या वर्षांत आरशातल्या माणसाला चोर समजून त्याच्यावर ओरडत. अत्यंत बुद्धिमान माणूस, जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेला. तेव्हापासून वैजनाथराव आपल्या डोक्यावर पाळत ठेवून होते. ते हेच तर नव्हे? सुरुवात अशीच होते का? दोन शक्यता होत्या. एकीत त्यांची बुद्धी जात होती. दुसरीत, तो क्लॅम्प सुटला तर भानुमती जाणार होत्या. पहिलीच खरी असावी, अशी त्यांनी देवाकडं प्रार्थना केली.

आणि मनस्विनीला फोन केला.

सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, झोपता का नीट?"

"मी तुला निरीक्षणं सांगतोय, मनू. निष्कर्ष नाही."

"आई औषधांनी बरी होतेय. या आजारात असा एखादा झटका येतोच. आणि तुम्ही दिवसभर त्या गाडीपाशी उभे असता, मालनबाईंनी सांगितलं मला." तिचा आवाज भरून आला. "मोठ्या काकांचं तुम्हीच सांगायचात ना, की आपण वेळेवर लक्ष दिलं नाही म्हणून?"

वैजनाथरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी रविवारी येते. तो पाइप काढून टाकू. जुन्या स्पेअरच्या दुकानात सांगून तसाच डबा मिळवते. पाइप गेला की तुमच्या मनातलंही जाईल."

"आणि काढल्यावर तिला काही झालं तर?"

"बाबा," ती हळूच म्हणाली, "तुमचा स्वतःचा तरी विश्वास आहे का यावर?"

"नाही," वैजनाथराव म्हणाले. ते खरंच होतं. नुसती भीती होती.

५

रविवारी ऊन चांगलं पडलं होतं. मनस्विनी आली, आईच्या गळ्यात पडली, तिच्याकडं बघून रडलीच. "आई, किती छान दिसतेस ग." मग चहा पिऊन, ओढणी कमरेला खोचून पोर्चमध्ये गेली.

वैजनाथराव तिच्यामागं गेले. "मनू, अजून एक आठवडा थांबू या."

"बाबा, ऐका. तुम्ही आत आईजवळ बसा. मशीन हाताशी ठेवा. मी इथं स्क्रू सोडते. काही होणार नाही, आणि काही झालं नाही हे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघाल. असंच शिकवलंत ना आम्हाला?"

"मी हाक मारली की…"

"की मी लगेच थांबते. आईची शप्पथ."

हे त्यांना पटलं. पटायला नको होतं, असं त्यांना नंतर वाटलं. पण ती मांडणी इतकी निर्दोष होती, आणि ती त्यांनीच तिला शिकवलेली होती. एक बघणारा इथं, एक तिथं.

भानुमती खिडकीशी बसून दिवाळीच्या चिवड्याचे पोहे निवडत होत्या. पातळ पोहे, परातीत पसरलेले. वैजनाथरावांनी समोर खुर्ची ओढली, मशीनच्या बटणावर हात ठेवला.

"असं काय बसलात, मुलगी बघायला आल्यासारखे?" भानुमती म्हणाल्या.

"सहज."

"मनू काय करतेय गाडीला?"

"थोडं काम आहे."

बाहेर बॉनेट उघडल्याचा आवाज झाला. पाना पडला, उचलला गेला. खोलीत ती मंद ओढ चालू होती, नेहमीसारखी. वैजनाथराव तिच्या लयीवर स्वतःला सावरत होते. चाललंय, ते मनाशी म्हणत होते, व्यवस्थित चाललंय. मग त्यांच्या लक्षात आलं की ती ओढ त्यांच्या पाठीमागून येत होती. खिडकीतून.

त्यांनी भानुमतींच्या पदराकडं बघितलं. पदर हलत नव्हता. छातीवर तो शिवून बसवल्यासारखा स्थिर होता. त्या पोहे निवडत होत्या, एक खडा बाजूला काढत होत्या, आणि पदर हलत नव्हता. आपण कधीपासून नुसतं ऐकत होतो? शेवटचं बघितलं कधी होतं?

बाहेर स्क्रू करकरला. ओढीत एक बारीक शीळ मिसळली, सांधा गळू लागला की येते तशी.

"पंखा बंद केलात का?" भानुमतींनी विचारलं. पंखा लावलेलाच नव्हता. पोहे उडतील म्हणून त्यांनीच लावू दिला नव्हता. त्यांची बोटं मंदावली. "ऊन गेलं का हो एकदम?" ऊन त्यांच्या हातांवर पडलेलं होतं.

हाक मारायला हवी होती. पण वैजनाथरावांची नजर त्यांच्या ओंजळीवर खिळली. भानुमतींनी चिमूटभर पोहे तळव्यात घेतले होते, त्यातली फोलपटं उडवायला तळवा तोंडाशी आणला, ओठांचा चंबू केला, आणि फुंकर मारली.

फोलपटं तिथंच राहिली. एकही हललं नाही.

पोर्चमध्ये मनस्विनी ओरडली.

वैजनाथरावांनी हात पुढं केला. भानुमतींच्या नाकासमोर, ओठांसमोर धरला. त्वचा उबदार होती, डोळे त्यांच्याकडं बघत होते, थोडे ओशाळल्यासारखे. "काय बघताय?" ओठ हलले, शब्द ऐकू आले, आणि तळव्याला काहीच लागलं नाही. ओठांच्या कडा जांभळ्या होऊ लागल्या होत्या. परातीवरून त्यांचा हात घसरला आणि पोहे जमिनीवर सांडले.

"बाबा…" मनस्विनीचा आवाज लहानपणी अंधारात उठल्यावर यायचा तसा आला. "बाबा, पाइपातून माझ्या तोंडावर फुंकर आली… आई तुमच्याजवळच आहे ना? आतच आहे ना?"

आयुष्यभर वैजनाथरावांनी कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तपासून घेतल्याशिवाय दिलं नव्हतं. हेही दिलं नाही.

"घट्ट कर!" ते ओरडले. "मनू, आधी तो क्लॅम्प घट्ट कर!"

बाहेर काही क्षण नुसतं रडणं होतं. मग स्क्रू करकरला, थांबला, पुन्हा करकरला. शीळ बारीक झाली, मग बंद पडली. खिडकीतून ती ओढ पुन्हा संथपणे येऊ लागली. भानुमतींचे ओठ निवळले. त्यांनी खाली वाकून सांडलेले पोहे एका हातानं गोळा करायला घेतले. पदर हलला नाही.

"झालं, बाबा," मनस्विनी बाहेरून म्हणाली. "झालं घट्ट."

वैजनाथरावांनी डोळे मिटले.

"नाही," भानुमती मान वर न करता म्हणाल्या. "अर्धा फेरा राहिलाय अजून. सांगा तिला."